रानातली गोचीड आणि घरातला ताप



आज ज्या प्राण्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत, त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. ज्याच्या दारी गोठा, त्याच्या घरी गोचीड. गाईच्या कानात, म्हशीच्या कासेला, बैलाच्या शेपटीच्या बुडाशी चिकटून बसणारी आणि रक्त पिऊन पिऊन एरंडीच्या बीसारखी टम्म फुगणारी ही गोचीड आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. गंमत अशी की, लॅटिन भाषेत एरंडाला आणि गोचिडीला एकच शब्द आहे, ‘रिसिनस’. म्हणजे तिकडच्या शेतकऱ्यालाही ती आपल्यासारखीच दिसली होती!

ओळखीची आहे म्हणूनच आपण तिला फारशी किंमत देत नाही. गोचीड लागली की जनावर खंगते, दूध कमी होते, एवढे आपल्याला ठाऊक असते. पण गोचीड नुसते रक्त नेत नाही. ती जाताना रक्त नेते आणि येताना कधी कधी रोग आणते. जनावराला आणते तशी माणसालाही आणते. सिंधुदुर्गातील दोडामार्ग-सावंतवाडीकडे आणि शेजारच्या गोव्यातील सत्तरी तालुक्यात ‘माकडताप’ हा शब्द आता घरोघरी माहीत झाला आहे. तो ताप माणसाला देते ती माकडे नव्हेत, ती ही गोचीडच. आज मुख्यतः त्याच तापाविषयी बोलणार आहे.

प्रथम गोचीड म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. पुष्कळ लोक तिला किडा म्हणतात. पण किड्याला सहा पाय असतात, गोचिडीला आठ. ती कोळी आणि विंचू यांच्या गोत्यातली. तिला पंख नाहीत, तिला उडी मारता येत नाही. ती झाडावरून आपल्या अंगावर झेप घेते, असे काहीजण समजतात, ते खरे नव्हे. ती गवताच्या पात्यावर किंवा झुडपाच्या शेंड्यावर चढून पुढचे दोन पाय पसरून वाट पाहत बसते. त्या पायांच्या टोकाशी वास ओळखणारे बारीकसे अवयव असतात. श्वासाचा, घामाचा, अंगाच्या उबेचा सुगावा लागला की ती सावध होते आणि जवळून जाणाऱ्या पायाला, शेपटीला, लुगड्याच्या काठाला अलगद चिकटते.

तिच्या आयुष्याच्या चार पायऱ्या आहेत. आधी अंडे. अंड्यातून निघते ते सहा पायांचे बारीक पिल्लू. ते एकदा पोटभर रक्त पिते, कात टाकते आणि आठ पायांची बालगोचीड होते. ही बालगोचीड पुन्हा एकदा रक्त पिते, पुन्हा कात टाकते आणि मोठी होते. मोठी मादी शेवटचे रक्त पिऊन जमिनीवर गळून पडते, हजारांनी अंडी घालते आणि मरते. आपल्या गोठ्यातली नेहमीची गोचीड या साऱ्या पायऱ्या एकाच जनावराच्या अंगावर पार पाडते. रानातल्या कित्येक जाती मात्र प्रत्येक पायरीला नवे घर शोधतात. पहिले रक्त उंदराचे किंवा चिचुंद्रीचे, दुसरे माकडाचे किंवा रानकोंबड्याचे, तिसरे गाईचे. हा फरक ध्यानात ठेवा, कारण साऱ्या दुखण्याचे मूळ त्यातच आहे. एकाचे रक्त पिऊन दुसऱ्याकडे जाणारी गोचीड एकाचा रोग दुसऱ्याकडे पोचवते.

गोचीड रोग पोचवते हे शास्त्रज्ञांना कसे कळले, ती हकीगत ऐकण्यासारखी आहे. त्यासाठी थोडे दूर, अमेरिकेत जावे लागेल. तिथे दक्षिणेला टेक्सास नावाचा प्रांत आहे. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या गुरांचे मोठमोठे कळप उत्तरेच्या बाजाराकडे हाकत नेत. दक्षिणेची गुरे दिसायला धट्टीकट्टी. पण ती ज्या कुरणात चरून जात, तिथे मागाहून उत्तरेची गुरे चरू लागली की काही आठवड्यांत ती तापाने फणफणत, त्यांची लघवी रक्तासारखी लाल होई आणि ती पटापट मरत. तिथले गुराखी म्हणत, हे गोचिडीचे काम आहे. शिकलेल्या लोकांना ते अडाण्याचे बोलणे वाटे.

थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न या दोघांनी मात्र गुराख्यांचे म्हणणे पारखून पाहायचे ठरवले. त्यांनी दक्षिणेची गुरे आणली. काही गुरे अंगावरच्या गोचिडींसकट एका कुरणात सोडली. दुसऱ्या कुरणात सोडायच्या गुरांच्या अंगावरची गोचीड न्‌ गोचीड हाताने वेचून काढली. दोन्ही कुरणांत उत्तरेची निरोगी गुरे सोबतीला ठेवली. गोचिडी होत्या त्या कुरणातली उत्तरेची गुरे आजारी पडली. वेचून काढल्या होत्या तिथली धडधाकट राहिली. १८९३ साली त्यांनी हे सारे छापून प्रसिद्ध केले. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले ते १८९७ साली, म्हणजे त्याच्याही चार वर्षे नंतर. तात्पर्य काय? गुराख्याच्या डोळ्यांनी जे आधी टिपले होते, तेच पुढे प्रयोगशाळेत खरे ठरले.

आपल्याकडेही असेच घडले. १९५७ साल. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील, आजच्या कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात सोरब तालुक्याच्या रानात माकडे मरून पडू लागली. त्याच सुमारास रानात जाणाऱ्या गावकऱ्यांना जबर ताप येऊ लागला, काही दगावलेही. माकडे मरतात आणि मग माणसे आजारी पडतात, हा मेळ गावकऱ्यांच्या ध्यानात आधीच आला होता. बातमी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात पोचली. १९५२ साली सुरू झालेल्या या केंद्रालाच आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणतात. माकडे मरत आहेत म्हटल्यावर पहिली भीती वाटली ती पीतज्वराची. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला तो भयंकर रोग हिंदुस्थानात कधी आलेला नव्हता. शास्त्रज्ञ धावले. माकडांच्या शरीरातून आणि रोग्यांच्या रक्तातून त्यांनी विषाणू वेगळा काढला. तो पीतज्वराचा नव्हता. रशियाच्या जंगलात गोचिडीमुळे मेंदूला सूज आणणारा एक ताप होतो, त्या विषाणूचा हा भाऊबंद निघाला. ज्या रानात तो सापडला त्या रानाचे नाव क्यासनूर. म्हणून पुस्तकात या रोगाला ‘क्यासनूर जंगल रोग’ म्हणतात. आपण म्हणतो माकडताप.

रशियाच्या विषाणूचा भाऊबंद इथे कसा आला, असा प्रश्न साहजिकच पडला. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी पाखरे पायापंखांत गोचिडी घेऊन येत असतील काय, अशी शंका निघाली. ती पारखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पैशाची मदत केली आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉक्टर सालिम अली यांच्या देखरेखीखाली १९५९ पासून पाखरे धरून, पायात कडी घालून सोडण्याचे मोठे काम हाती घेतले. पाखरांच्या प्रवासाची अमोल माहिती त्यातून मिळाली. पण हा ताप त्यांनीच आणला असा पुरावा मिळाला नाही. हा विषाणू आपल्या सह्याद्रीच्या रानातच मुरलेला असावा, असे आज मानतात.

मग इतकी वर्षे तो गप्प का होता? याचे उत्तर रानात आणि आपल्या वहिवाटीत आहे. दाट रानात गोचीड, उंदीर, चिचुंद्री आणि माकड यांचा संसार आपापसात चालतो. माणूस त्यात क्वचितच सापडतो. पण रान तोडून मध्येमध्ये शेते, बागा झाल्या, कडेने घाणेरीची झुडपे माजली आणि त्यात गुरे चरू लागली की चित्र पालटते. गाईला माकडतापाचा उपद्रव होत नाही, पण मोठ्या गोचिडीला ती पोटभर रक्त देते. एकेका मादीची हजारो अंडी. एक गाय रानात हिंडून आली म्हणजे कळत नकळत किती गोचिडी पोसते, याचा हिशेब तुम्हीच करा. माकडाचे उलट आहे. त्याच्या अंगात विषाणू झपाट्याने वाढतो. त्याचे रक्त पिणारी प्रत्येक बालगोचीड विषारी होऊन बसते. माकड मेले, अंग थंड पडले की त्या साऱ्या गोचिडी त्याच जागी खाली उतरतात. मेलेल्या माकडाभोवतीची जमीन म्हणजे पेरलेले शेतच समजा. फक्त तिथे उगवते ते दुखणे.

१९५७ नंतर कितीतरी वर्षे हा ताप कर्नाटकातील त्या भागापुरताच राहिला. पण २०१२ पासून तो सह्याद्रीच्या कडेकडेने दुसरीकडेही दिसू लागला. तामिळनाडूत निलगिरी, केरळात वायनाड, मग २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यातील पाली गाव, २०१६ साली आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुका आणि २०१७ साली सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसर. या साऱ्या मुलखाचे रूप पाहा. डोंगर, रान, मध्ये भाताची खाचरे आणि काजूच्या बागा. कोकण-गोव्याकडे हा ताप ऐन काजूच्या हंगामात येतो, हा योगायोग नाही.

ते कसे, ते सांगतो. पावसाळ्यात मोठ्या गोचिडी गुरांच्या अंगावर असतात. पावसाळा सरता सरता अंड्यांतून पिल्ले निघतात. डिसेंबर-जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत बालगोचिडींचे राज्य असते. माणसाला चावते ती मुख्यतः ही बालगोचीड. ती खसखशीच्या नाहीतर मोहरीच्या दाण्याएवढी. दिसत नाही, आणि चावली तरी कळत नाही. आणि आपण याच दिवसांत काय करतो? सरपण गोळा करतो. पातेरा झाडून गोठ्यात अंथरायला आणतो. काजूखाली वाकून, पालापाचोळ्यात हात घालून बोंडू आणि बी वेचतो. बायका, पोरे, म्हातारी माणसे, सारे घर त्या कामात असते. ज्या दिवसांत बालगोचीड पातेऱ्यात दबा धरून बसते, नेमक्या त्याच दिवसांत आपले हात पातेऱ्यात असतात. कामावर जाऊ नका, असे मी म्हणणार नाही. काजूचे चार पैसे हेच ज्या घराचे वर्षाचे मीठमिरचीचे पैसे, त्याला असा सल्ला देणे सोपे आहे, पाळणे सोपे नाही. पण काम कसे करावे, ते मात्र सांगितले पाहिजे.

त्याआधी हा ताप ओळखावा कसा? गोचीड चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी वाजून जोराचा ताप भरतो. कपाळ ठणकते, कंबर, पोटऱ्या, सारे अंग ठेचल्यासारखे दुखते. डोळे लाल होतात. उलट्या, जुलाब होतात. माणूस अगदी गळून जातो. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. पुष्कळजण आठपंधरा दिवसांत उतार पडून बरे होतात, अशक्तपणा मात्र बरेच दिवस राहतो. काहींना उतार पडल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो आणि या वेळी डोके फार दुखणे, मान ताठणे, हातपाय कापणे, असंबद्ध बोलणे अशी मेंदूची लक्षणे दिसतात. शंभर रोग्यांतले साधारण तीन ते पाच दगावतात. म्हणून, ‘अंगावर काढू, दोन दिवसांत उतरेल’ असे या हंगामात, या मुलखात म्हणू नका.

या तापावर नेमके औषध अजून नाही. कर्नाटकात वर्षानुवर्षे एक लस टोचत असत, पण ती पुरेशी गुणकारी नाही असे दिसून आल्याने तिचा वापर थांबला आणि नव्या लसीचे काम चालू आहे. मग दवाखान्यात जाऊन उपयोग काय, असे कोणी म्हणेल. उपयोग फार आहे. अंगातले पाणी कमी होऊ न देणे, रक्तस्राव वेळीच ओळखून सांभाळणे, मेंदूची लक्षणे दिसताच मोठ्या रुग्णालयात पाठवणे, यानेच माणूस वाचतो. तापाच्या पहिल्या दिवसांत रक्त तपासले तर विषाणू सापडतो आणि डेंगी, लेप्टो, हिवताप यांपासून हा ताप वेगळा काढता येतो. डॉक्टरांकडे गेलात की त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका. आपण होऊन सांगा, ‘मी रानात गेलो होतो, काजू वेचत होतो, आमच्या वाडीत माकड मेले आहे.’ एवढी दोन वाक्ये निम्मे निदान करतात. आणि दुकानातून मनाने गोळ्या आणून खाऊ नका. ॲस्पिरिन जातीच्या गोळीने रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो.

आणखी एक. माकडताप एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. रोग्याला दूर ठेवू नका, त्याच्या घराला वाळीत टाकल्यासारखे करू नका. त्याला पेज पाजायला, त्याच्याजवळ बसायला काही भीती नाही.

आता बचाव. रानात, बागेत जाताना अंग झाकून जा. पुरुषांनी लांब विजार घालून तिची टोके मोज्यांत खोचावीत. बायकांनी लुगड्याखाली लेंगा घालावा, अंगात लांब बाह्यांचा सदरा घालावा. कपडे शक्यतो पांढुरके असावेत, म्हणजे चढणारी गोचीड दिसते. उघड्या अंगाला गोचीड पळवणारे तेल लावावे. ग्वाल्हेरच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेने ‘डेपा’ नावाचे असे तेल तयार केले आहे. आपल्या आरोग्य केंद्रात त्याची चौकशी करा. त्याचा असर काही तासच राहतो, म्हणून दुपारी ते पुन्हा लावावे लागते. विसाव्याला पातेऱ्यावर बसू नका, आडवे होऊ नका. दगडावर, नाहीतर मोकळ्या, झाडलेल्या जागेवर बसा. काजूखालची बेणणी थंडी पडायच्या सुमारासच उरकून घ्या, म्हणजे वेचणीच्या वेळी पातेरा थोडा राहील.

घरी आल्यावर कपडे अंगणातच उतरवून कढत पाण्यात टाका. साबण लावून ऊन पाण्याने आंघोळ करा. एकमेकांचे अंग पाहा. कानामागे, काखेत, कमरेला, जांघेत, गुडघ्यामागे, पोरांच्या केसांत. ही तपासणी रोज झाली पाहिजे. जशी संध्याकाळी दिवाबत्ती, तशी ही झडती.

गोचीड सापडली तर? आपली सवय अशी की नखाने ओढायची आणि दोन नखांत चिरडायची. ते करू नका. चिरडली की तिच्या पोटातले विष आपल्या बोटाच्या चिरेतून आत जाऊ शकते. घासलेट ओतणे, विडीचा चटका देणे हेही नको. बारीक चिमटा घ्या, कातडीला अगदी लागून तिचे तोंड पकडा आणि न पिळता सरळ वर ओढा. साबणाच्या पाण्यात टाकून मारा. चावलेली जागा आणि हात साबणाने धुवा. तो दिवस भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. पुढच्या दहाबारा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना ती तारीख सांगता येईल.

गोठ्याकडेही पाहिले पाहिजे. ज्या रानात माकड मेले आहे, त्या बाजूचा पातेरा हंगामभर गोठ्यात आणू नका. अंथरायला भाताचा पेंढा वापरा. त्या बाजूला गुरे चरायला सोडू नका. गुरांच्या कानात, पोळीखाली, कासेला, शेपटीखाली रोज हात फिरवा. गोचिडीवरचे औषध पशुवैद्याला विचारून, सांगितल्या प्रमाणातच वापरा. अंदाजाने पातळ करून मारलेल्या औषधाने गोचिडी मरत नाहीत, त्या औषधाला सरावतात. औषध दिल्यावर किती दिवस दूध काढून टाकायचे तेही त्यांनाच विचारा. आणि नुसते जनावर धुऊन भागत नाही. मादी अंडी घालते ती भिंतीच्या भेगांत, गव्हाणीच्या सांदीत. त्या लिंपून घ्या. भिंतीला चुना द्या.

या कष्टाचे फळ गोठ्यातही मिळते. गोठ्यातल्या गोचिडी गुरांना वेगळे ताप देतात. एकात लघवी कॉफीसारखी किंवा लाल होते. टेक्सासच्या गुरांचे तेच दुखणे. दुसऱ्यात ताप चढतो, खांद्यापुढची गाठ सुजते, डोळे पांढरे पडतात, दूध आटते. कोकण कपिला, डांगी अशा देशी गाई हे बरेच सोसतात. संकरित गाय मात्र चटकन बळी पडते. कर्जाने घेतलेली दुभती गाय असल्या तापाने गेली तर घराची दोन वर्षे मागे पडतात. वेळीच इंजेक्शन मिळाले तर ती वाचते. म्हणून गाय रवंथ करीना, कान पाडून उभी राहिली, की त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. रानात किंवा वाडीजवळ माकड किंवा वानर मेलेले दिसले तर काय करायचे?

आपल्याकडे वानर मेले की त्याला मारुतीचे रूप मानून कित्येक गावी लोक उचलून आणतात, आंघोळ घालतात, गुलाल उधळतात, भजन म्हणत नेऊन मूठमाती देतात. त्यामागची भावना थोर आहे आणि तिला कोणी हसू नये. पण ज्या मुलखात माकडताप आहे तिथे हा विधी जिवावर बेतू शकतो. पुण्याच्या प्रयोगशाळेत पूर्ण काळजी घेऊन या विषाणूवर काम करणाऱ्यांपैकीही कित्येकांना पूर्वी हा ताप झाला होता. मग उघड्या हातांनी उचलणाऱ्याचे काय? तेव्हा लांबूनच हात जोडा. जवळ जाऊ नका, पोरांना आणि कुत्र्यांना जाऊ देऊ नका. लगेच वनरक्षकाला, आशाताईला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. ती मंडळी योग्य ती साधने वापरून त्याची विल्हेवाट लावतात, तपासणीसाठी नमुना घेतात आणि सभोवती औषध टाकून तिथे उतरलेल्या गोचिडी मारतात. आणि माकडांवर राग काढू नका. त्यांना मारून रोग जात नाही. तीही आपल्यासारखीच या रोगाला बळी पडतात, आणि आपल्या आधी पडतात.

म्हणूनच मेलेले माकड हा रानाने धाडलेला निरोप समजा. माणूस आजारी पडण्याच्या आधी तो येतो. सिंधुदुर्गात बसलेल्या किंवा मुंबई-पुण्यात बसलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याला तो निरोप प्रथम मिळत नाही. तो मिळतो गुराख्याला, सरपणाला गेलेल्या बाईला, काजू वेचणाऱ्या पोराला. त्यांनी तो त्याच दिवशी पोचवला तर वाडीतल्या माणसांना सावध करता येते. ‘उगाच कशाला भानगड’ म्हणून चार दिवस गप्प बसले तर तोवर दहाजण त्या वाटेने जाऊन आलेले असतात.

गुरुजनहो, इथे तुमचे काम येते. शाळेतल्या मुलाइतके रान दुसरा कोणी पाहत नाही. डिसेंबर लागला की वर्गात दहा मिनिटे काढा. गोचिडीच्या चार पायऱ्या फळ्यावर काढून दाखवा. रोज प्रार्थनेनंतर एकच प्रश्न विचारा, ‘कोणी मेलेले माकड पाहिले काय?’ कोणी हो म्हटले तर जागा विचारून तारखेसह वहीत टिपा आणि आरोग्य केंद्राला कळवा. आणि मुलांना बजावा की पाहायचे, सांगायचे, पण जवळ जायचे नाही. आईबापांना दहा भाषणांनी जे पटत नाही, ते घरी येऊन पोराने सांगितले की पटते, हा तुमचा अनुभव असेलच.

टेक्सासच्या गुराख्याने पाहिले होते, पण त्याचे ऐकायला कोणी नव्हते, म्हणून वर्षानुवर्षे गुरे मेली. आज ऐकणारे आहेत. पुण्याला संस्था आहे, गावोगाव आरोग्य केंद्र आहे, दारापर्यंत येणारी आशाताई आहे. आता हवा आहे तो पाहणारा आणि वेळेवर सांगणारा. तो तुमच्याखेरीज दुसरा कोणी होऊ शकत नाही.

येत्या हंगामात काजू भरपूर पिको, घरातली माणसे आणि गोठ्यातली गुरे सुखरूप राहोत, अशी इच्छा करतो आणि आपली रजा घेतो. नमस्कार.